जखम भरून येण्यास विलंब का लागतो?
स्टेरॉइड औषधे आणि शेतकऱ्याचे शरीर

ज्याच्या अंगावर जखमेची एकही खूण नाही असा शेतकरी सहसा आढळावयाचा नाही. विळा, कोयता, कुऱ्हाड व कुदळ ही त्याची नित्याची सोबत. त्यांत बाभळीचा काटा, उसाच्या पाल्याची धार, बैलाचे शिंग आणि मळणीयंत्राचा पट्टा यांची भर पडते. गोदावरीकाठच्या आमच्या पुणतांब्याच्या शिवारात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे हातापायास चिंधी बांधलेली माणसे फडोफडी दिसू लागतात. जखमेस क्षुल्लक मानावे, चिमूटभर हळद दाबावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामास लागावे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बहुतेक वेळा ती निभावूनही जाते. कारण शरीर आपली डागडुजी आपणच करीत असते.

परंतु कित्येकदा महिना उलटला तरी जखम ओलीच राहते. मधुमेह, तंबाखू, निकृष्ट आहार आणि पायांचा मंदावलेला रक्तपुरवठा ही त्याची कारणे आता पुष्कळांस ठाऊक झाली आहेत. आणखी एक कारण मात्र घरातल्या फडताळात, पुडीत किंवा मलमाच्या नळीत दडून बसलेले असते व त्याची आठवण कोणासही होत नाही. ते कारण म्हणजे स्टेरॉइड जातीची औषधे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. वैद्यक हा आमचा व्यवसाय नव्हे. तथापि कागद पुन्हा पुन्हा वाचून ताळा जुळवावा ही जन्माची सवय असल्यामुळे या विषयावर जे विश्वसनीय आढळले, ते शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

जखम भरते कशी?

जखम भरणे हे एक काम नसून चार कामांची मालिका आहे. पहिले काम रक्त गोठून बांध घातला जाण्याचे. ते काही मिनिटांत उरकते. दुसरे काम सफाईचे. जखमेभोवती जी लाली, ऊब, सूज आणि ठणका येतो, त्यास आपण रोग समजतो. वस्तुतः ती शरीराने पाठविलेल्या मजुरांची वर्दळ असते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमून जंतू व मृत मांस फस्त करितात आणि पुढच्या कामकऱ्यांस हाक घालितात. हे काम साधारणपणे पहिले काही दिवस चालते. तिसरे काम बांधकामाचे. तंतुजनक पेशी कोलॅजेन नावाचे चिवट धागे विणतात, बारीक रक्तवाहिन्या नव्याने फुटतात, तळातून लाल दाणेदार मांसांकुर वर येतात, कडा आत ओढल्या जातात आणि अखेरीस त्यांवर त्वचेचा पापुद्रा सरकतो. चौथे काम मजबुतीचे. ते कित्येक महिने चालते.

या चौथ्या कामाचे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. तीन आठवड्यांनी जखम वरून मिटलेली दिसली तरी तिची मजबुती मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच असते. तीन महिन्यांनंतर ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते व पुरती पूर्ववत कधीच होत नाही. सबब टाके निघाले म्हणून लगेच पोते पाठीवर घेणारा गृहस्थ ओल्या भिंतीवर तुळई ठेवीत असतो.

स्टेरॉइड म्हणजे काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तीस अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तीमधून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. रक्तातील साखर, रक्तदाब आणि संकटकाळी शरीराचा बंदोबस्त राखणे ही त्याची कामे. त्याचप्रमाणे दाहाची वर्दळ हाताबाहेर जाऊ न देणे हेही त्याचेच काम. स्त्रीत्वाची व पुरुषत्वाची संप्रेरकेही रासायनिक दृष्ट्या याच कुळातील होत.

या कुळातील कॉर्टिसोन हे द्रव्य अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस प्रथम टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली. या कार्याबद्दल केंडल, हेंच व राइखस्टाइन या तिघांस १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी अधिक तीव्र औषधे निघाली. त्यांनी लक्षावधी लोकांचे प्राण वाचविले आहेत यात संदेह नाही. करोनाच्या साथीत, २०२० साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत असे दिसले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. परंतु ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती अशांस त्याच औषधाचा काही लाभ झाला नाही. औषध तेच, योग्य स्थळी अमृत व अस्थानी निरुपयोगी. पुढील वर्षी, म्हणजे २०२१ साली, काळ्या बुरशीच्या रोगाने आपल्या राज्यात जो हाहाकार उडविला त्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वाजवीपेक्षा अधिक वापर ही दोन प्रमुख कारणे मानली गेली.

जखमेवर परिणाम काय होतो?

कॉर्टिसोनचा बोलबाला सुरू होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १९४९ साली, सशांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, हे द्रव्य दिलेल्या प्राण्यांच्या जखमांत मांसांकुर नीट फुटतच नाहीत. त्याचे कारण आता पुरेसे उलगडले आहे. स्टेरॉइड हे वर सांगितलेल्या दुसऱ्या कामावरच घाव घालते. दाह शमतो, म्हणजे सफाईचे मजूरच कामावर येत नाहीत. ते आले नाहीत म्हणजे पुढच्या कामकऱ्यांस हाक जात नाही. तंतुजनक पेशी थोड्या जमतात, कोलॅजेन कमी विणले जाते, नव्या रक्तवाहिन्या कमी फुटतात आणि कडा आकसण्यास वेळ लागतो. जखम होण्यापूर्वी किंवा पहिल्या दोनतीन दिवसांत हे औषध शरीरात असेल तर हानी सर्वांत अधिक. दाहाची पायरी एकदा पार पडल्यावर त्याचा अडथळा पुष्कळ कमी होतो.

येथे प्रमाणाचा विवेक अवश्य पाहिजे. दहा दिवसांहून कमी काळ स्टेरॉइड घेतले असता जखमेवर लक्षात येण्याजोगा परिणाम सहसा होत नाही, असा शल्यवैद्यांचा अनुभव २०१३ साली एका समालोचनात संकलित झाला आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी निदान ३० दिवस हे औषध चालू असलेल्या रुग्णांत जखमेच्या तक्रारी दोन ते पाच पट वाढलेल्या दिसल्या. तात्पर्य, भय एखाद्या दिवसाच्या इंजेक्शनाचे नसून महिनोन्‌महिने नकळत पोटात जाणाऱ्या गोळीचे आहे.

याहून कपटी गोष्ट पुढेच आहे. जखम बिघडली हे आपण कशावरून ओळखतो? ठणका लागला, लाली पसरली, ताप भरला, यावरून. स्टेरॉइड नेमकी हीच लक्षणे दडपते. जखम वरून शांत दिसते, दुखत नाही, म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात आणि आत जंतूंचे राज्य वाढत असते. राखणदार कुत्र्याचे तोंड बांधून ठेवावे आणि भुंकणे ऐकू आले नाही म्हणून चोर आला नाही असे समजावे, त्यातलाच हा प्रकार होय.

पुडीचे प्रकरण

आमच्या परिचयातील एका बागाईतदाराच्या पायावर कुदळ निसटून दोन बोटे लांबीची जखम झाली. दीड महिना झाला तरी ती मिटेना. साखर तपासली, ती थोडी वाढलेली निघाली. त्यावर उपचार सुरू झाला, तरीही जखम जैसे थे. अखेरीस त्यांस मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी जखमेकडे पाहण्याआधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरा गरगरीत वाटोळा, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटकुळे, आणि हाताच्या कातडीवर जरा धक्का लागताच उठणारे जांभळे डाग. "गुडघेदुखीसाठी काही घेता काय?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न. तेव्हा उघड झाले की, आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून "शुद्ध झाडपाल्याची" म्हणून आणलेली पुडी हे गृहस्थ दोन वर्षे सकाळसायंकाळ घेत होते. पुडी घेतली की तासाभरात गुडघे मोकळे होत. न घेतली की अंग मोडून येई. झाडपाल्याच्या नावाखाली स्टेरॉइडची भुकटी मिसळण्याचा उद्योग देशात अनेकदा उघडकीस आलेला आहे. डॉक्टरांनी पुडी एकदम बंद न करता मोजक्या गोळ्यांवर आणून प्रमाण हळूहळू उतरविले. जखम भरण्यास पुढे आणखी दोन महिने लागले; पाय वाचला हे नशीब.

"एकदम बंद न करता" हे शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावेत. गोदावरी कालव्याच्या पाण्यावर विसंबून एखाद्याने विहिरीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले, तर विहीर गाळाने भरते. मग आवर्तन एकाएकी बंद झाले तर उभे पीक करपते; कारण विहीर उपसून पाणी लागेपर्यंत पीक थांबत नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले म्हणजे अधिवृक्क ग्रंथीही अशीच निजते. औषध अकस्मात तोडले तर ती लगेच जागी होत नाही. रक्तदाब खचून माणूस दगावण्याचा संभव असतो. म्हणून हा लेख वाचून कोणी दम्याच्या, संधिवाताच्या किंवा अन्य दुखण्याच्या चालू गोळ्या आपल्या मनाने फेकून देऊ नयेत.

मलमांचीही तीच कथा. उसाच्या व पाण्याच्या कामात जांघेत, काखेत गजकर्ण उठते. दुकानातून "खाज थांबविणारी" नळी आणली जाते. तीत बहुधा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र निवांतपणे पसरते आणि त्वचा कागदासारखी पातळ होते. अशा त्वचेस साधे खरचटले तरी जखम होते. या गैरवापरास आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ साली १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. कायदा झाला, तो पाळणे दुकानदाराच्या इतकेच ग्राहकाच्याही हाती आहे.

चिंता हेही एक कारण

स्टेरॉइड केवळ बाजारातूनच येते असे नाही. मनास घोर लागला म्हणजे शरीर स्वतःच कॉर्टिसॉल वाढविते. अमेरिकेतील ओहायो येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संबंधात फार बोलका आहे. बुद्धिभ्रंश झालेल्या आप्तांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या, परंतु तो भार नसलेल्या १३ स्त्रिया घेऊन प्रत्येकीच्या हातावर एक सारखीच लहानशी जखम करण्यात आली. निश्चिंत स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. चिंताग्रस्त स्त्रियांस सुमारे ४९ दिवस लागले. सर्व दोष एकट्या कॉर्टिसॉलचा नव्हे, निद्रानाश व आहाराची हेळसांड यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु काळजीने जखम रेंगाळते हे आजीबाईंचे म्हणणे खोटे नव्हते, इतके यावरून सिद्ध होते.

१ जून २०१७ रोजी ज्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांच्या संपास प्रारंभ झाला, त्या गावच्या मंडळीस कर्ज आणि पडलेले भाव यांचा घोर म्हणजे काय हे परक्याने सांगावयास नको. त्याची झळ खातेउताऱ्यावर जशी दिसते तशी अंगावरील जखमेतही दिसू शकते. सबब जखमी माणसास पुरेशी झोप मिळू देणे, त्याच्या उशाशी बसून देण्याघेण्याचे वाद न घालणे, हाही औषधोपचाराचाच भाग समजावा.

स्त्री-पुरुष संप्रेरकांविषयी दोन शब्द. स्त्रीत्वाचे इस्ट्रोजेन जखम भरण्यास साहाय्य करते; पाळी गेल्यानंतर ते घटते व जखमा सावकाश भरू लागतात. उलट उंदरांवरील प्रयोगांत पुरुषत्वाचे संप्रेरक जखमेस मागे ओढते असे दिसले आहे. म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायामाणसांच्या व वृद्धांच्या लहानशा जखमेकडेही अधिक लक्ष पुरविणे इष्ट.

बांधावरचा दगडी पाला

आता आपल्या बांधावरच्या एका वनस्पतीची गोष्ट. पिवळट मधल्या फुलांची, लांब एकाकी देठाची, दगडधोंड्यांतून पसरणारी दगडी पाला किंवा कंबरमोडी कोणास ठाऊक नाही? रानात बोट कापले की तिचा पाला चुरून रस पिळावा हे गुराख्याच्या पोरासही माहीत असते. दिवाण, टिल्लू व कुलकर्णी या संशोधकांनी १९८३ साली हीच वनस्पती घेऊन नेमका आपल्या विषयावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. डेक्सामेथासोन देऊन ज्यांचे जखम भरणे मंद केले होते अशा उंदरांस तिचा अर्क दिला असता जखमेवर त्वचा धरणे व जखमेची मजबुती यांत सुधारणा झाली. परंतु जखमेचे आकसणे आणि मांसांकुरांची वाढ यांवर स्टेरॉइडने घातलेला अडसर मात्र त्या अर्काने दूर झाला नाही.

हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी ध्यानात घ्यावा. लोकांच्या रीतीत तथ्य आहे, हे एक अंग. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि प्रयोगशाळेतील स्वच्छ अर्क म्हणजे बांधावर गुरांनी तुडविलेला पाला नव्हे, हे दुसरे. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. खरचटल्यावर धुतलेल्या पाल्याचा रस लाविल्यास फारशी हरकत नसेल. परंतु खोल जखमेत पाला, शेण, राख, चुना किंवा तंबाखू कोंबणे हे संकट विकत घेण्यासारखे होय. हळदीची पूडही डब्यातील असल्यामुळे निर्जंतुक नसते, हे विसरू नये.

आहाराचा एक मुद्दा येथेच सांगतो. स्टेरॉइडमुळे रखडलेल्या जखमेस 'अ' जीवनसत्त्व पुन्हा चालना देते, असे एर्लिक व हंट यांनी १९६८ साली दाखविले. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या, दूध व अंडी यांतून ते मिळते. त्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांवाचून घेऊ नयेत, कारण अधिक झाल्यास यकृतास व गर्भास अपाय होतो. 'क' जीवनसत्त्वावाचून कोलॅजेन धरत नाही. त्यास पेरू व आवळा उत्तम, आणि राहात्याच्या परिसरात पेरूस तोटा नाही. डाळी-कडधान्यांचे प्रमाणही वाढवावे. बांधकामास विटा लागतातच.

गुरांच्या बाबतीत

माणसाची गोष्ट जनावरांसही लागू आहे. जू घासून बैलास खांदेसूज येते, दाव्याने मान सोलते, खुरांत जखमा होतात. सूज चटकन उतरावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा आग्रह मालकच धरतो. सूज उतरते, बैल दुसऱ्या दिवशी औतास जुंपला जातो आणि न भरलेला खांदा पुन्हा फाटतो. खांद्यास खरे औषध विश्रांती, स्वच्छता आणि नीट बसणारे जू हेच होय.

गाभण गायीम्हशींस तर हे औषध पशुवैद्यावाचून कदापि देऊ नये. गाभणकाळाच्या अखेरच्या महिन्यांत डेक्सामेथासोनने अकाली विणे किंवा गाभडणे घडते, आणि मागाहून वार अडकते. दुभत्या जनावराचे दूधही काही काळ घटते. २०२२ साली लंपी चर्मरोगाने राज्यातील गोधन ग्रासले तेव्हा गाठी फुटून अंगभर जखमा झालेल्या गायी आपण पाहिल्या. हा रोग विषाणूचा. अशा वेळी जनावराची प्रतिकारशक्तीच दडपणारे औषध अंदाजाने टोचणे म्हणजे पूर आला असता बांध फोडण्यासारखे आहे.

शेतकरी बंधूंस सूचना

वरील विवेचनाचे सार येणेप्रमाणे:

१. जखम होताच ती वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने पुष्कळ वेळ धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे व धनुर्वाताच्या लसीसंबंधी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी विचारणा करावी.

२. डॉक्टरांस दाखविताना घरातील सर्व गोळ्या, पुड्या, काढे व मलमे पिशवीत घालून बरोबर न्यावीत. "झाडपाल्याचे आहे, ते कशाला दाखवावयाचे" असे म्हणू नये. तेच प्रथम दाखवावे.

३. ज्या पुडीने तासाभरात गुडघे मोकळे होतात व जिच्या पाकिटावर घटकांची नावे नाहीत, तिचा संशय धरावा. मात्र ती दीर्घकाळ घेतली असल्यास एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

४. स्टेरॉइड चालू असणाऱ्याने जखम दुखत नाही यावर विसंबू नये. आठवड्याने जखम लहान झाली की नाही हे डोळ्यांनी पाहावे. दोन आठवड्यांत ती निश्चितपणे आकसली नाही तर रुग्णालय गाठावे.

५. अशा माणसाने रक्तातील साखर तपासून घ्यावी; स्टेरॉइड साखर वाढविते, आणि वाढलेली साखर व स्टेरॉइड मिळून जखमेचे दुप्पट वैरी होतात.

६. शस्त्रक्रिया ठरली असेल तर गेल्या वर्षभरात स्टेरॉइड घेतल्याचे शल्यवैद्यास व भूल देणाऱ्या डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.

७. जनावरास कोणते इंजेक्शन दिले त्याचे नाव व तारीख गोठ्यातील वहीत टिपून ठेवावी आणि जनावर गाभण असल्यास ते पशुवैद्यास प्रथम सांगावे.

स्टेरॉइड हे विष नव्हे. जाणत्या हाती ते मोठे उपकारक शस्त्र आहे. परंतु शेतजमिनीचा सातबारा जसा आपण डोळ्यांखालून घातल्यावाचून राहत नाही, कोणाचे नाव कोणत्या रकान्यात चढले ते चष्मा लावून पाहतो, तशीच दक्षता पोटात जाणाऱ्या गोळीविषयी व अंगास लागणाऱ्या मलमाविषयी बाळगणे जरूर आहे. जमिनीच्या उताऱ्यातील चूक अपिलात दुरुस्त होते. कापावा लागलेला पाय कोणत्याही अपिलात परत मिळत नाही.